वरचा डोळा आणि खालचा चुना

(युवक शिबिरात केलेलं भाषण. नंतर बसून लिहून काढलं. बोलण्यातलं बरंचसं होतं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला होता ‘कविता आणि कामगार’. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे कामगार नसल्यामुळं त्यांना वेळही असतो. मी गोदीत माल उतरवतो, कंत्राटावर. आज मी बोलणार आहे फोटोवर. गावाच्या, आभाळातनं काढलेल्या फोटोवर. हसू नका. ह्या फोटोपायी तुमच्यातल्या निम्म्यांची गावाकडची घरं कागदावर चढणार आहेत नाहीतर कागदावरनं उतरणार आहेत, आणि तुम्ही इथं चेंबूर-विक्रोळीत बसून त्याच फोटोला लाईक देताय.

प्रत्येकाच्या मोबाईलात असा एक व्हिडिओ आहे. यात्रेला नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला ड्रोन आणलेला असतो. मागं ढोल वाजतो. कृष्णेचं वळण येतं, मग उसाचा हिरवा पट्टा, मग देवळाचं शिखर. शिखराभोवती ड्रोन एक प्रदक्षिणा घालतो, यंत्राला पण प्रदक्षिणा घालायला लावली ह्या लोकांनी. मग जुना वाडा, शाळा, आणि ‘आमचं गाव’ अशी अक्षरं. खलास. वाई, कराड, वाळवा, तासगाव, सगळीकडचे हे व्हिडिओ मी बघितलेत, सातारा-सांगली माझी जन्माची बाजू म्हणून. त्यात आपली वस्ती कुठं आलीच तर ड्रोन वळताना कडेला, अर्ध्या सेकंदापुरती. जावयाच्या फोटोत मागनं गडी जावा तशी.

पण तो व्हिडिओ तिथंच थांबवा. नीट बघा. आपल्याला आपली वस्ती वरनं ओळखता येते, कुणी शिकवायला लागत नाही. घरांची दाटी संपते, मध्ये ओढा नाहीतर रस्ता आडवा जातो, आणि पलीकडं परत दाटी लागते. छपरं आखूड, पत्रा चकाकतो. डांबराची काळी पट्टी जिथं मातकट होते तिथं बोट ठेवा. बऱ्याच गावांत ही जागा पूर्वेला, कारण वारा पश्चिमेकडनं येतो आणि आपल्यावरनं आलेला वारा गावाला लागता कामा नये. नदीकाठाला आपला पाणवठा खालच्या अंगाला. जात कुठं लिहिलीय म्हणून लोक पोथ्या उचकतात. अरे, चारशे फुटांवरनं मातीत लिहिलेली दिसतेय. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, बरं केलं. आता समतानगर म्हणा, भीमनगर म्हणा. ड्रोनला पाटी वाचता येत नाही. त्याला जागा दिसते, आणि जागा होती तिथंच आहे.

आता वरनं काय दिसत नाही ते सांगतो. बाबासाहेब लहान असताना, १९०१ च्या सुमाराला, साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर होते, त्यांना भेटायला चाललेली पोरं. पुढचा प्रवास बैलगाडीचा. ही पोरं महाराची आहेत म्हटल्यावर गाडीवानानं गाडी हाकायचं नाकारलं. दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, असा सौदा झाला. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, वाचलं नसेल तर वाचा. त्या मसूर-गोरेगाव वाटेवर आज ड्रोन सोडा. रस्ता दिसेल, माळ दिसेल, ओढे दिसतील. पाणी दिसेल, पण ते पाणी कुणाला मिळालं नाही ते दिसणार नाही.

दुसरं. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २००५ चा पूर मागं पडला. हेलिकॉप्टरं फिरली, हवाई पाहणी झाली. वरनं पूर फार सुंदर दिसतो, सगळं एका रंगाचं, कुणाचा बांध नाही, कुणाचं कूस नाही. इतकी समता आम्ही दुसऱ्या कशात बघितलेली नाही. आणि खाली ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये, येरळा कृष्णेला मिळते तिथं, खच्चून भरलेली नाव उलटली. माणसं जास्त आणि नाव एक. पाणी उतरल्यावर पंचनाम्याची वही घेऊन माणूस येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, घराचा कागद कुठाय? पुरानं पडलेलं घर कागदाशिवाय पडलेलंसुद्धा नसतं. इथनं माझा खरा विषय सुरू होतो.

पण त्याआधी ह्या वरच्या डोळ्याची थोडी कुळकथा. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच माणसानं फुग्यात बसून पॅरिसजवळच्या एका खेड्याचा फोटो काढला. हवेतनं काढलेला पहिला फोटो हाच, असं मानतात. म्हणजे सुरुवातच खेड्यापासनं. पुढं पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक हुडकायला विमानातनं फोटो काढायला लागले. त्या युद्धातला क्रॉफर्ड नावाचा एक इंग्रज नंतर जुने अवशेष शोधायला हीच विद्या वापरू लागला. जमिनीत जुनी भिंत गाडलेली असली की तिच्यावरचं पीक खुरटतं. बुजवलेला चर असला की तिथलं पीक जोमानं येतं. बांधावरनं चालणाऱ्याला काही कळत नाही, वरनं मात्र अख्ख्या घराचा पाया रेघांनी उमटतो. हे वाचलं आणि माझं डोकं चाललं. आमच्याकडं पुरानं, धरणानं, नाहीतर नुसत्या गावाच्या मर्जीनं किती वस्त्या उठल्या असतील, आणि त्यांच्यावर आज काय उभं आहे? ऊस. तो दहा फूट वाढतो, त्याला बारमाही पाणी. कुणाच्या गाडलेल्या भिंतीची तो दाद लागू देत नाही.

आपल्या देशात हे फोटो वर्षानुवर्षं सरकारी कुलपात. संरक्षण खात्याची परवानगी असल्याशिवाय साध्या माणसाला स्वतःच्या गावाचा हवाई फोटो मिळायचा नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांचे नियम सैल झाले, त्याच वर्षी ऑगस्टात ड्रोनचे नवे नियम आले, आणि आता ज्याच्याकडं पैसा त्याचा ड्रोन.

गावगाड्यात गावाचे दोन भाग. घरं असतात ती पांढरी, शेतं असतात ती काळी. आपण दोन्हीच्या बाहेर. पण गंमत अशी की ह्या काळी-पांढरीची हद्द सगळ्यात पक्की ठाऊक कुणाला? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पेटला की महाराला पुढं घालून शीव चालवायचे, तो चालेल ती शीव. मराठेशाहीच्या कागदांत असे निवाडे आहेत. म्हणजे गावाचा नकाशा त्याच्या तळपायात होता, आणि त्या नकाशात त्याला स्वतःला उभं राहायला जागा नव्हती. बदल्यात हाडकी हाडोळा, आणि गावात आलेल्या प्रत्येक सरकारी माणसाच्या दिमतीला रात्रंदिवस उभं राहणं. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. वतन कायद्यानं गेलं १९५९ ला. तीस वर्षं मध्ये गेली, लक्षात ठेवा, कारण पुढं मी तुम्हाला मुदतीत अर्ज करायला सांगणार आहे.

इंग्रजांनी १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि त्यांची मोजणी आली. तेहतीस फुटांची साखळी. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सारा शेतावर, म्हणून शेत इंचाइंचानं मोजलं. गावठाण नकाशात कोऱ्या डागासारखं राहिलं. पुढं १९४९ ला जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, तरी बऱ्याच गावांतला हा कोरा डाग कायम. म्हणून शेताला सातबारा आणि घराला ग्रामपंचायतीचा आठचा उतारा. आठचा उतारा म्हणजे घरपट्टीची वही. घरपट्टी भरली म्हणून घर मालकीचं होत नाही, ती तुमची पावती, त्यांची वसुली.

ह्या कोऱ्या डागावर आता ड्रोन फिरतोय. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना काढली. महाराष्ट्रात त्याच्या आधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला प्रयोग झाला होता. फोटो भारतीय सर्वेक्षण विभागाचे, चौकशी आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याचा, गावातली व्यवस्था ग्रामपंचायतीची. शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात पंतप्रधानांनी देशभरात ६५ लाखांवर कार्डं वाटली. मी ह्या योजनेच्या विरोधात नाही. ज्याच्या सात पिढ्यांत घराचा कागद झाला नाही त्यानं कागदाला नाक मुरडायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच, की कागद कसा बनतो ते आपल्या पोरांनी बघून घ्यावं.

बनतो असा. ड्रोन उडायच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मिळकतीची हद्द चुन्यानं आखायची. पांढरा चुना, कारण तो मातीवर उठून दिसतो. मग ड्रोन शेतात नांगर फिरावा तसा तासातासानं गावावरनं जातो आणि फोटो काढत राहतो, एकावर एक चढणारे. तीच जागा अनेक फोटोंत आली पाहिजे. दोन डोळ्यांनी बघितल्यावर जशी खोली कळते तशी ह्या फोटोंच्या जोडणीतनं उंची कळते. मग संगणक सगळे जोडून, तिरपेपणा काढून, एक सपाट चित्र करतो आणि त्यावर माणूस बसून छपरांच्या आणि चुन्याच्या कडेनं रेघा ओढतो. चूक चार-पाच सेंटिमीटरच्या आत म्हणतात. चार बोटं! यंत्र चोख आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला दोनच गोष्टी दिसतात, छप्पर आणि चुना. छपराखाली माणसं किती ते दिसत नाही, आणि चुना कुणी टाकला तेही दिसत नाही. मराठीत ‘चुना लावणं’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या गावचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही, तिथं आमची माणसं अजून राहतात. पूर्वी दवंडी आम्हीच पिटायचो, त्यामुळं बातमी आधी आम्हाला कळायची, एवढा एक फायदा होता. ह्या वेळी दवंडी व्हॉट्सअॅपवर झाली, आणि त्या ग्रुपात वस्तीतला एकही नंबर नाही. तरणी पोरं पुण्यात, मुंबईत. मी रात्रपाळीला. चुन्याची पोती देवळापासनं सुरू झाली आणि ओढ्याच्या अलीकडं संपली. सकाळी वस्तीत माझी थोरली आत्या, तिच्यासारख्या चार म्हाताऱ्या, आणि मोजणीवाला पोरगा. पोरगा चांगला होता बिचारा, त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. चुना नाही म्हटल्यावर आत्यानं चुलीतली राख आणून घराभोवती रेघ ओढली. तो म्हणाला, आजी, राख वरनं दिसत नाही, मातीसारखीच दिसते. आत्यानं मला फोनवर सांगितलं ते असं: “आरं, आमची राख बी त्येंच्या मिशनीला दिसंना म्हनत्यात. मग म्या काय केलं, जयंतीला विहार रंगवायला चुना ठिवला हुता, त्यो काढला. म्हनलं, बुद्धाची भित औंदा आशीच ऱ्हाऊ दे. पयली घरं.”

हे आठवलं की मला माझ्या सगळ्या कविता फाडून टाकाव्याशा वाटतात. पण ते असो. रेघ ओढली, ड्रोन गेला, आणि नकाशाचा कच्चा कागद आला तेव्हा दोन भानगडी निघाल्या. एक, आमच्या पाच घरांवर एकच सलग पत्रा आहे. मधल्या भिंती आत आहेत, त्या वरनं कशा दिसणार? पत्रा एक, म्हणून मिळकत एक, म्हणून नाव एक, आणि ते नाव माझ्या एका मयत चुलत्याचं. आत्या त्या घरात चाळीस वर्षं राहतेय, तिचं नाव कशातच नाही. बाईचं नाव छपराखालीच राहतं. दोन, विहारापुढचं पटांगण. तिथं आमची जयंती होते, लग्नं होतात, मयत उठते. चुना घरांपुरता पुरला, पटांगणाला उरला नाही, आणि नकाशात ते मोकळी जागा म्हणून ग्रामपंचायतीकडं लागलं. आज कुणी काही म्हणत नाही. उद्या तिथं दुकानांचे गाळे आखले तर आम्ही कुठला कागद पुढं करायचा?

एक चिंचेचं झाड पण सांगायचं राहिलं. झाडाखालचं घर ड्रोनला दिसतच नाही. तिथं माणसानं खाली येऊन टेप धरून मोजायला लागतं. वस्तीत असं एखादं घर असतंच. कुणी बोललं नाही तर नकाशात झाड येतं, घर येत नाही.

आता गावठाणाबाहेरचं. हे जास्त वाईट आहे. गावठाणाची हद्द कलेक्टर ठरवतो, जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १२२. ड्रोनवाली मोजणी त्या हद्दीतली. आपल्या किती वस्त्या गायरानावर आहेत? माण, खटाव, जत, आटपाडी, ज्या माळावर कुसळ उगवत नाही तिथं आपण उभे राहिलो. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ ला केला, ६ डिसेंबर १९६४ ला परत केला, लाखो माणसं तुरुंगात गेली ती ह्याच पड जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात गायरान कसायला घेतलेल्या भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करावीत. आणि दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल, त्याच्यामागोमाग जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय, अतिक्रमणं काढा म्हणून. २०२२ च्या शेवटी उच्च न्यायालयात विषय आला आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. गावातल्या घराला जो फोटो सनद देतो, तोच फोटो गायरानावरच्या घराचा पुरावा होतो, पण अतिक्रमणाचा.

मग आपला पुरावा काय? काही हुशार पोरं म्हणतात, उपग्रहाचे जुने फोटो काढू, १९९० च्या आधीपासनं आहोत ते दाखवू. चांगली कल्पना, पण हिशेब करा. आपल्या देशाचा दूरसंवेदनाचा उपग्रह आयआरएस-१ए उडाला मार्च १९८८ ला. त्याचा चांगला कॅमेरासुद्धा छत्तीस मीटर जागेला एक ठिपका द्यायचा. आत्याचं घर, शेजारचं घर, विहार, चिंच, सगळं मिळून एक ठिपका. त्या ठिपक्यात तुम्ही कोर्टाला काय दाखवणार? विमानातनं काढलेले जुने फोटो सर्वेक्षण विभागाकडं असतात, ते मागायला हरकत नाही. पण त्यापेक्षा घरातली पत्र्याची पेटी उघडा. बापाला तलाठ्यानं अतिक्रमणाचा दंड केला होता, त्याच्या पावत्या असतील. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही, त्यात आजोबाचं नाव गुन्हेगार म्हणून लिहिलेलं असेल. त्याची नक्कल काढा. ज्या कागदानं त्याला चोर ठरवलं तोच कागद आज सांगतो की तो तिथं होता, आणि कुठल्या साली होता.

तेव्हा इथनं घरी गेल्यावर एवढं करा. गावाकडं फोन लावा आणि मोजणी झाली का, होणार आहे का, विचारा. व्हायची असेल तर ग्रामसभेला जा, आणि ड्रोनच्या दिवशी वस्तीत प्रत्येक घरामागं एक तरणा माणूस उभा करा. चुना आपला आपण विकत घ्या, पोत्याला फार पैसे पडत नाहीत, एका रविवारच्या बाटलीपेक्षा कमी. फक्त भिंतीभोवती आखू नका, अंगण, परसू, विहार, पटांगण, हातपंपाभोवतीची जागा, सगळं आखा. सलग पत्रा असेल तर पत्र्यावर चढून मधल्या भिंतीवर चुन्याचा पट्टा ओढा. चौकशीला अधिकारी आला की बायकांची नावं आधी सांगा. आणि नकाशा आधीच झाला असेल तर भूमी अभिलेखच्या कचेरीत जाऊन त्याची नक्कल घ्या, हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे हवा.

गोदीत मी एकदा क्रेनवाल्याच्या केबिनीत चढलो होतो. वरनं खाली काम करणारी माणसं टोप्यांएवढी दिसतात, पिवळ्या टोप्या. क्रेनवाला म्हणाला, मी टोपी बघत नाही, मी हात बघतो, खालचा माणूस हातानं खूण करतो तिकडं माल उतरवतो. त्याला खूण दिली नाही तर तो काय करेल, तुम्हीच सांगा.

आमच्या पटांगणाच्या हरकतीची सुनावणी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी आहे, तालुक्याच्या कचेरीत. सोमवारी रात्रीच्या गाडीनं मी निघणार. आत्यापण येणार आहे, तिला बोलायचंय. वस्तीतले अकराजण तयार आहेत. तुमच्यातल्या कुणाला मोजणीचा नकाशा वाचता येत असेल, कुणी आयटीआयला सर्व्हेअरचा कोर्स केला असेल, त्यानं सभा संपल्यावर मला दाराशी भेटावं. तिकिटाचं आपण वर्गणीतनं बघू.